रोजचा मेळ रोज

बाजारपेठेच्या गावात रात्री आठ-नऊच्या सुमारास एखाद्या किराणा दुकानात कधी गेला असाल, तर एक दृश्य तुम्ही पाहिलेच असेल. गिऱ्हाईक संपलेले असते, दाराची एक फळी लावून झालेली असते, आणि दुकानदार गल्ला मोजून रोजकीर्दीशी ताळा घेत बसलेला असतो. दहा रुपयांचा फरक आला तरी तो जागचा उठत नाही. “दहा रुपयांसाठी एवढे डोके कशाला शिणवता?” असे विचारा; तो हसून म्हणेल, “मास्तर, आजचा फरक आज दहा मिनिटांत सापडतो. उद्या त्याला तास लागेल, आणि दिवाळीला तो सापडायचाच नाही.”

आज मला जे सांगायचे आहे त्याचे सारे मर्म या एका वाक्यात आहे. विषय मात्र किराणा दुकानाचा नव्हे, तर संगणकाच्या आज्ञावलीचा, म्हणजे ज्याला आपण आता सर्रास सॉफ्टवेअर म्हणतो त्याचा आहे. आपल्या पुणे शहरात हिंजवडीला, खराडीला, मगरपट्ट्यात हजारो तरुण माणसे हे काम करतात. तुमच्यापैकी पुष्कळांची मुले-पुतणे तेथे असतील. ती दिवसभर नेमके काय करतात, हे त्यांना घरी कुणी विचारीत नाही आणि त्यांनाही सांगता येत नाही. त्यांच्या कामातली एक रीत मोठी शिकण्यासारखी आहे. तिला ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ म्हणतात. आपण तिला ‘सततची जोडणी’ म्हणू.

“आम्हा खेडेगावच्या माणसांना याच्याशी काय कर्तव्य?” असे कुणी म्हणेल. पण सातबाराचा उतारा, बँकेतले खाते, शाळेची माहिती, खिशातला मोबाइल, हे सारे आता आज्ञावलीवर चालते. ती चुकली तर चूक कागदावर राहत नाही. ती माणसाच्या दारात येऊन उभी राहते.

आता मूळ अडचण समजून घेऊ. बैलगाडीचे चाक पाहा. सुतार तुंबा, आरे आणि पुठ्ठे बसवतो, लोहार त्यावर लोखंडी धाव चढवतो. धाव तापवण्याआधी लोहार चाकाचा घेर मोजून घेतो. समजा, त्याने तो मोजलाच नाही, आपल्या अंदाजाने धाव घडवली, आणि दोघांनी आपापले काम बाजाराच्या आदल्या दिवशी एकत्र आणले. सुताराचे चाक निर्दोष, लोहाराची धाव निर्दोष, आणि तरी गाडी जागेवरच! दोष चाकात नाही, धावेत नाही; तो दोहोंच्या सांध्यात आहे. मोठी आज्ञावली पन्नास, शंभर, कधी हजार माणसे मिळून लिहितात. तिथे असे सांधे किती असतील याची कल्पना करा.

ही कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने डिसेंबर १९९८ मध्ये मंगळाकडे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ नावाचे यान धाडले. यानाला वाटेत दिलेल्या लहान-लहान ढकलींचा हिशेब एक आज्ञावली करीत होती आणि तो हिशेब दुसरी वापरीत होती. पहिलीने आकडे पौंडाच्या मापात दिले. दुसरीने ते न्यूटनच्या मापात आहेत असे धरले. दोन मापांत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. नऊ महिने यान चालत राहिले, आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाच्या फार जवळ जाऊन कायमचे नाहीसे झाले. गणित दोन्हीकडे शुद्ध होते. मेळ घातला गेला नव्हता.

मंगळ दूर राहू द्या. माझ्याच घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गाच्या चाचणी परीक्षेचा निकाल तयार करण्यासाठी मी विद्यार्थ्यांकडून एक छोटी आज्ञावली करवून घेतली. एकाने नावांची यादी करण्याचा भाग लिहिला, दुसऱ्याने गुणांचा. दोघेही हुशार. दोघांनी आपापले भाग तपासून मला दाखवले. दोन्ही बिनचूक चालत होते. मी म्हटले, “शाबास! आता शेवटच्या दिवशी दोन्ही जोडू.” तसे जोडले, आणि संध्याकाळी निकाल फलकावर लागला.

झाले होते ते असे. नावांच्या यादीत गैरहजर मुलेही होती. गुणांच्या यादीत फक्त हजर असलेली. सतरावा विद्यार्थी गैरहजर होता. त्यामुळे सतराव्याच्या नावापुढे अठराव्याचे गुण आले, अठराव्यापुढे एकोणिसाव्याचे, आणि तसेच अखेरपर्यंत. एका मुलीला चांगले गुण असून तिच्या नावापुढे ‘अनुत्तीर्ण’ लागले. ती कुणाला काही न विचारता रात्रीच्या एस.टी.ने गावी निघून गेली. चूक आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी कळली. मी फोन केला. तो तिच्या वडिलांनी घेतला. घरात तिचे शिक्षण थांबवण्याचे बोलणे सुरू झाले होते. मी सारे समजावून सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “सर, ही चूक मशीनची म्हणायची का तुमची?”

मी म्हटले, “माझी.” आणि ती माझीच होती. मुलांनी आपापला भाग चोख केला होता. दोन भाग पहिल्या दिवसापासून एकत्र चालवायला मी सांगितले नाही, आणि नमुन्याच्या यादीत एक गैरहजर विद्यार्थी घालून पाहण्याचे मला सुचले नाही. दहा मिनिटांचे काम होते. मुलगी परत आली, पुढे शिकलीही. पण त्या दहा मिनिटांची किंमत काय होऊ शकली असती, हे मी विसरलेलो नाही.

सततच्या जोडणीची रीत याच दुखण्यावर आहे. ती अशी चालते. सर्वांचे काम एका सामायिक कोठारात ठेवलेले असते. कुणी काय बदलले, केव्हा बदलले, याची तेथे नोंद राहते. प्रत्येकाने आपला बदल, तो लहान असतानाच, शक्य तर रोज, या कोठारात आणायचा. बदल आला की एक पहारेकरी संगणक आपोआप जागा होतो. तो सारे काम नव्या, स्वच्छ जागेत मांडतो, पहिल्यापासून जुळवतो आणि आधी लिहून ठेवलेल्या परीक्षा एकामागून एक घेतो. सगळे पार पडले तर हिरवी खूण, एखादी परीक्षा चुकली तर लाल. लाल खूण दिसली की नवे काम बाजूला ठेवून आधी तो बिघाड काढायचा.

‘स्वच्छ जागेत’ या शब्दांकडे लक्ष द्या. आज्ञावली लिहिणाऱ्यांची एक जुनी सबब आहे: “माझ्या यंत्रावर तर चालते!” आपल्या चुलीवर, आपल्या तव्यावर भाकरी फुगते, दुसऱ्याच्या घरी तीच चिकटते. म्हणून पहारेकरी कोणाचाच तवा वापरीत नाही. तो दरवेळी कोरा तवा घेतो. तेथे भाकरी फुगली तर ती कुठेही फुगेल असा भरवसा धरता येतो.

या रीतीचा इतिहास थोडक्यात सांगतो. नाव ग्रेडी बूच यांनी १९९० च्या दशकात वापरले. ‘दिवसातून अनेकदा जोडा’ हा आग्रह त्याच दशकाच्या अखेरीस केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरला. पुण्यातही जिचे कार्यालय आहे त्या ‘थॉटवर्क्स’ कंपनीच्या मंडळींनी २००१ च्या सुमारास ‘क्रूझ कंट्रोल’ नावाचे असे पहारेकरी साधन करून सर्वांसाठी खुले केले. पुढे कोसुके कावागुची या जपानी अभियंत्याने ‘हडसन’ हे साधन लिहिले. मालकीहक्काच्या वादातून २०११ साली त्याचे नाव ‘जेन्किन्स’ झाले. पुण्यातल्या किती तरी कंपन्यांत आजही हा जेन्किन्स रात्रंदिवस जागा असतो.

आता यात दोन प्रकारची घरे आहेत. एक खाजगी: बँकेची, विमा कंपनीची, कारखान्याची आज्ञावली. ती दाराआड राहते. तिचा पहारेकरी त्यांच्याच पगारावर असतो, मग तो स्वतःच्या वाड्यात ठेवलेला असो की भाड्याने आणलेला. दुसरे घर मुक्तस्रोत आज्ञावलीचे. तिचे लेखन कुणीही वाचावे, वापरावे, सुधारावे. ते जगभरातली माणसे करतात. कुणी पगारावर, कुणी रात्री घरचे काम आटोपल्यावर. या दुसऱ्या घराला पहारेकरी कोण देणार? संगणक चालवायला वीज लागते, जागा लागते, पैसा लागतो.

२०११ साली जर्मनीतल्या बर्लिन शहरात ‘ट्रॅव्हिस सीआय’ नावाची सेवा निघाली. तिची रीत सुरेख होती. खाजगी कामाला पैसे पडतील. सर्वांसाठी खुले असलेल्या कामाला काही पडणार नाही. वाटसरूंसाठी घातलेली पाणपोईच म्हणा. हजारो मुक्तस्रोत प्रकल्पांनी त्या पाणपोईवर ओंजळ धरली. एखाद्या लहान गावातल्या विद्यार्थ्यालाही मोठ्या कंपनीसारखाच पहारेकरी फुकट मिळू लागला.

पण पाणपोईवर कुणी टँकर घेऊन आले तर काय होते? तसेच झाले. बिटकॉइनसारखी आभासी नाणी पाडण्यासाठी अफाट गणिते करावी लागतात. काही लोकांनी परीक्षेच्या नावाखाली ही गणिते या फुकटच्या संगणकांवर चालवायला सुरुवात केली. मधल्या काळात, जानेवारी २०१९ मध्ये, ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये अशा गैरवापराचे कारण देऊन फुकटच्या सोयीवर मर्यादा आली. आणि जून २०२१ मध्ये खुल्या प्रकल्पांचे जुने ठिकाण बंद झाले. पुष्कळांनी आपले बिऱ्हाड ‘गिटहब’ या कोठाराने २०१९ साली सुरू केलेल्या सेवेकडे हलवले. तेथेही खुल्या कामाला पैसे पडत नाहीत. खाजगी कामाला महिन्याकाठी ठरावीक मिनिटे फुकट, पुढे दाम. आणि तेथेही टँकरवाले पोहोचलेच. तेव्हा एप्रिल २०२१ मध्ये गिटहबने नियम केला, की पहिल्यांदाच येणाऱ्या अनोळखी माणसाचा बदल असेल, तर पहारेकरी चालवण्याआधी घरच्या जबाबदार माणसाची संमती हवी.

यातून आपण कोणता बोध घ्यावा? फुकट मिळते ते घेऊ नये असे मी म्हणणार नाही. पाणपोईचे पाणी गोडच असते. पण गावाने आपली विहीर बुजवू नये. परीक्षांची यादी आपल्या कोठारात, आपल्या हाती असली पाहिजे. मग एक पहारेकरी गेला तर दुसरा ठेवता येतो. आणि आणखी एक: पहारेकऱ्याकडे घराच्या किल्ल्या किती द्याव्यात याचाही विचार हवा. जानेवारी २०२३ मध्ये ‘सर्कल सीआय’ या अशाच सेवेत चोरी झाली, तेव्हा तिने आपल्या सर्व गिऱ्हाइकांना तेथे ठेवलेल्या गुप्त किल्ल्या बदलून टाकण्याची सूचना दिली होती.

आता जरा आपल्या अंगणात येऊ. शिक्षकांना या भागात विशेष रस वाटेल, कारण तो मराठी अक्षरांचा आहे.

पुण्यातल्या ‘मॉड्युलर इन्फोटेक’ या कंपनीने घडवलेले भारतीय लिप्यांचे अक्षरसंच ‘रेड हॅट’ कंपनीने २००४ साली सर्वांसाठी खुले केले. त्यांचे नाव ‘लोहित’. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या तांबड्या टोपीला शोभणारेच नाव. पुढे त्यांची निगा रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी राखली, आणि २०११ साली त्यांना अधिक मोकळा परवाना मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘फेडोरा’ या मुक्तस्रोत प्रणालीवर काम करणाऱ्यांचे संमेलनही भरले होते. लोहितचे कोठार ज्या ठिकाणी होते ते २०१७ साली बंद झाले. पण काम खुले असल्यामुळे ते सहज दुसरीकडे नेता आले, एक अक्षर हरवले नाही.

अक्षरसंचात सांधे कुठले, असे वाटेल. मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ असे दोन शब्द आहेत. पहिला विद्वानांचा मान, दुसरा स्वयंपाक्यांचा. पहिल्यात रफार वर चढतो. दुसऱ्यात ‘र’ चंद्रकोरीसारखा आडवा होऊन ‘य’ ला चिकटतो. हिंदीला या दुसऱ्या ‘र’ ची फारशी गरज नाही. आपल्याला ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’, ‘तऱ्हा’ यांत पावलोपावली आहे. त्यातही संगणकाला तो कळवण्याच्या दोन निराळ्या रीती चालत आल्या आहेत. शिवाय मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ती ठरवूनही दिली आहेत. आता कुणी नेपाळी शब्दासाठी किंवा संस्कृत जोडाक्षरासाठी चांगल्या हेतूने एक दुरुस्ती केली, आणि तिच्यामुळे आपला ‘ऱ्य’ तुटला तर? दुरुस्ती करणाऱ्याला मराठी येत नाही. त्याला तुटलेले अक्षर डोळ्याने दिसले तरी कळणार नाही.

येथे पहारेकरी कामास येतो. शब्दांची एक यादी करून ठेवायची. प्रत्येक शब्द कसा दिसला पाहिजे हे जाणकाराने एकदा पडताळून द्यायचे. मग कुणीही, कुठेही बदल केला की यंत्र सारी यादी नव्याने जुळवून पाहते. ‘आचाऱ्यांना’ मोडले की लाल खूण, आणि बदल दाराबाहेर! अक्षरे जुळवणारे ‘हार्फबझ’ नावाचे एक मुक्तस्रोत साधन आहे. अँड्रॉइड फोन, फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस या सर्वांत ते काम करते. त्याच्या परीक्षांत देवनागरीचे नमुनेही आहेत, आणि प्रत्येक बदलानंतर त्या निरनिराळ्या संगणकांवर आपोआप घेतल्या जातात. तुमच्या फोनवर मराठी मजकूर नीट वाचता येतो, त्यामागे असा अदृश्य पहारा असतो.

मला या रीतीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. एरवी आपण तक्रार करतो, कुणी तरी दुरुस्ती करतो, आणि वर्षाने तीच चूक पुन्हा वर येते. इथे सापडलेली प्रत्येक चूक परीक्षेच्या यादीत कायमची दाखल होते. ज्या शब्दाने एकदा ठेच दिली, तो शब्दच पुढे पहाऱ्यावर उभा राहतो. आमच्या निकालाच्या आज्ञावलीत आता नमुन्याच्या यादीतला एक विद्यार्थी नेहमी गैरहजर असतो. त्याला कुणी काढायचे नाही असा दंडक आहे.

पण श्रोतेहो, हिरव्या खुणेवर आंधळा विश्वासही ठेवू नये. पहारेकरी विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देतो. न विचारलेल्या प्रश्नाबद्दल तो गप्प असतो. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ नावाच्या, लिनक्स प्रणालीत जागोजाग वापरल्या जाणाऱ्या एका साधनात, कुणी तरी चोरदरवाजा घुसवल्याचे उघडकीस आले. दुष्ट भाग लपवला होता कुठे, तर परीक्षेसाठी ठेवलेल्या फायलींतच! तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढे त्याच्या लक्षात आले, आणि त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला. दहा रुपयांचा फरक सापडेपर्यंत न उठणारा दुकानदार तो हाच! यंत्राने रोजचा मेळ घ्यावा. पण मेळ जुळूनही काही तरी खटकते आहे, हे ओळखायला माणूसच लागतो.

तेव्हा शिक्षक बंधू-भगिनींनो, आपल्यापुरते काय करता येईल? तुमच्या शाळेत, महाविद्यालयात मुले संगणक शिकत असतील, तर त्यांना एकट्याने मोठे काम करायला लावू नका. तिघा-चौघांना एक काम वाटून द्या, आणि पहिल्याच दिवशी, अर्धेकच्चे असतानाच, जोडायला लावा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू देऊ नका. काम सर्वांसाठी खुले ठेवले, तर तालुक्याच्या गावी बसूनही त्यांना तो पहारेकरी एक पैसा न देता मिळतो.

आणि ज्यांचा संगणकाशी संबंध नाही त्यांनीही एक करावे. फोनवर किंवा शाळेच्या संगणकावर मराठीचा एखादा शब्द मोडलेला दिसला तर “चालायचेच” म्हणून सोडू नका. तो शब्द, तो कसा दिसतो आणि कसा दिसायला हवा, हे वहीत टिपून ठेवा, आणि जो कुणी विद्यार्थी, भाचा, पुतण्या या कामात असेल त्याच्या हाती द्या. मुक्तस्रोत साधनाचे दार बाहेरच्या माणसालाही वाजवता येते. तुमच्या टिपणातला तो एक शब्द परीक्षेच्या यादीत गेला, तर पुढे जगात कुठेही, कुणाच्याही हातून तो मोडू लागला, की लाल खूण लागेल. मराठीची सेवा मोठ्या ग्रंथांनी होते तशी एका शब्दाच्या टिपणानेही होते.

त्या मुलीच्या वडिलांनी मला जो प्रश्न विचारला होता, तो आपण सर्वांनीच अधूनमधून स्वतःला विचारावा. चूक मशीनची की आपली? यंत्राला मेळ घालायला शिकवणारे आपणच, आणि तो केव्हा घालायचा हे ठरवणारेही आपणच. दिवाळीची वाट पाहू नका. आजचा मेळ आज घाला.